ओसरलेल्या बहाराची कविता
नवऱ्याची कविता मला शोधावी लागली नाही, सदरा इस्त्रीला घेतला आणि खिशातून तीच बाहेर आली. फुलं गळाली, गंध गेला, बाग ओकीबोकी झाली. खाली ठळक अक्षरात ‘जयवंतास’; जयवंता म्हणजे मी. संध्याकाळी धरमपेठेतल्या हॉलात आमचे मनोहरराव हीच शंभर-दोनशे लोकांसमोर वाचणार, आणि मी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत ऐकणार. चाळीस वर्षं कवितांतून मला संत्र्याचं फूल म्हणून मिरवलं तेव्हा मी सुखावले, खोटं कशाला बोलू? पण आज तळपायाची आग मस्तकात गेली.

कागद त्यांच्या चहाजवळ ठेवला आणि बजावलं, हे वाचलंत तर मी सगळ्यांसमोर उठून निघून जाईन. कविता कोणा एकीची नसते, म्हणाले. मग खाली माझं नाव कशाला, यावर चहाचा कप तोंडाला लावला.

शिवाय कवितेत चूकही होती. मी काटोलची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. थंडी सरताना फुलणाऱ्या आंबिया बहाराच्या पाकळ्या गळल्या म्हणून आमच्याकडे कोणी रडत नाही. बाबा फांदी वाकवून देठाशी मिऱ्याएवढं फळ धरलंय का बघायचे, आणि धरलं असलं की घरी शिरा व्हायचा. हे ऐकताच मनोहररावांनी पेन काढलं आणि फुलाच्या जागी फळ लिहायला लागले.

"आता फळ करून राहिले का मले? चाळीस वर्षं झाडाले पाहून लिहिलं तुम्ही."

"तुलेच पाहून लिहिलं वं."

मी पाठ फिरवली. "मंग सांगा, माह्या कोणत्या गालावर तीळ हाय?"

मागे पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. "डाव्या," ते म्हणाले.

माझ्या गालावर तीळ नाही, कधीच नव्हता. तो त्यांच्या पहिल्या कवितेत होता.

संध्याकाळी आम्ही रिक्षाने गेलो. हॉलात मी मुद्दाम पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची धरली, पर्स मांडीवरच ठेवली. त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी कागद उघडला, चष्मा चढवला आणि वाचायच्या ऐवजी माझ्याकडे पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. लोक कुजबुजायला लागले, सूत्रसंचालक खाकरला. त्यांनी कागद मिटला, खिशात घातला, तरी बघतच राहिले.

हेच तर मी मागितलं होतं. पण एकेक सुरकुती उघडी पडल्यासारखी वाटली, आणि मीच मान खाली घातली.