कौल देणारा नारळ

रविवारी सकाळी मारुतीच्या पारासमोर सारा गाव लोटला होता. माणसं ट्रॅक्टरवर चढली होती, बायका ओट्यांवर दाटल्या होत्या. मधोमध चारी बाजूंनी बंद असलेला लाकडी चौरंग, त्यावर पितळी परात, परातीत शेंदूर फासलेला नारळ. कोणाचा हातही लागत नव्हता आणि नारळ सावकाश फिरत होता.

बाहेरगावाहून बोलावलेला बाबा गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत, हात घालून जप करत होता. "गुलाबराव, तुह्या गोठ्यातली तीन जनावरं कोणी खाल्ली, ते हा नारळच सांगल. ज्याच्याकडं शेंडी, त्याची करणी. कौल थेट कैलासावरून येते."

कैलासावरच्या या कौलाला गावात यायला वरवट बकालच्या फाट्यावरून जीप करावी लागली होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

नारळ थांबला. शेंडी जनकाबाईकडे होती. जनकाबाई एकटी राहणारी विधवा. शाळेत पोरांची खिचडी तीच शिजवायची. तिच्या आजूबाजूची माणसं दोन पावलं मागे सरली.

"हिले गावात ठेवू नका," बाबा म्हणाला.

"मी काहीच नाही केलं हो," जनकाबाई म्हणाली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही.

नववीतली प्रेरणा मात्र चौरंगाकडे बघत होती. नारळ हलण्याआधी तिला एक बारीकसा 'चीं' आवाज ऐकू आला होता. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शाळेच्या प्रदर्शनासाठी ती फवारणीची छोटी यंत्रगाडी बनवत होती आणि तीन आठवडे त्या गाडीच्या मोटरनं तिला हाच आवाज ऐकवला होता. बॅटरी उतरली की मोटर फिरत नाही, नुसती कण्हते. मग झटका देऊन सुरू होते. नारळानंही तसाच झटका दिला होता.

तिनं शेजारी उभ्या असलेल्या विज्ञानाच्या महामाया मॅडमना सांगितलं. मॅडमनी क्षणभर कान दिला. "चल," त्या म्हणाल्या, "मी आहे तुझ्यासोबत."

प्रेरणा गर्दीतून पुढे गेली.

"हात लावशील तं रक्ताची उलटी होईल, पोरी," बाबा गरजला.

"होऊ द्या," प्रेरणा म्हणाली आणि तिनं नारळ उचलला.

गुलाबराव पुढे धावले, "काऊन करून राह्यली तू हे? ठेव खाली." मॅडम त्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या. प्रेरणानं खिशातून यंत्रगाडीचे मूठभर लोखंडी स्क्रू काढून परातीत टाकले. ते सरकत जाऊन दोन ठिकाणी गोळा झाले आणि जागेवर ताठ उभे राहिले.

तिनं परात बाजूला केली. चौरंगाची फळी मधोमध कापलेली होती आणि खालच्या पोकळीत एक मोटर होती. मोटरच्या दांड्यावर आडवी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना लोहचुंबक, खाली बॅटरी आणि लाल-काळ्या तारा. मॅडमनी नारळ पारावर आपटला. आत पाण्याऐवजी लोखंडाचे तुकडे निघाले.

"चुंबकाची ओढ पितळेतून आरपार जाते," प्रेरणा म्हणाली. "खाली चुंबक फिरलं की वर नारळ फिरते. मोटरीत वीज एका बाजूनं सोडली तं उजवीकडं, उलटी सोडली तं डावीकडं. आता बाबाची गोमुखी पाहा."

बाबा उठू लागला, तोच ट्रॅक्टरवरून उतरलेल्या दोघांनी त्याला धरलं. गोमुखीतून जपमाळ निघालीच नाही. दोन बटणांचा रिमोट निघाला. प्रेरणानं परात जागेवर ठेवून बटण दाबलं. स्क्रूंचे झुबके परातीत गोल फिरले आणि त्यातला एक बाबाच्या समोर येऊन थांबला.

"म्हणजे जनावरं यानंच मारली," गुलाबराव ओरडले. "धरा याले."

"नाही काका," प्रेरणा म्हणाली. "बटण मी दाबलं, म्हणून ते तिकडं गेलं. जनकाकाकूंकडं यानं नेलं होतं. मोटरले तुमच्या गोठ्यातलं काय माहीत? जनावरांच्या डॉक्टरले बोलावलं का तुम्ही?"

गुलाबरावांनी डॉक्टरला बोलावलं नव्हतं.

महामाया मॅडमनी पोलिसांना फोन लावला. "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पण तक्रार ज्या बाईवर आळ घेतला तिनं दिली तर बरं."

कोणीतरी जनकाबाईला बसायला खुर्ची आणली. ती बसली नाही.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "बाबाचं नाव लिहा. अन् मी समोर उभी असताना जे जे मागं सरकले, त्यायले एवढंच सांगते. उद्या कोणी कोणाकडं बोट दाखवलं, तं मागं सरकू नका. पुढं या, अन् खाली काय लपवलं ते पाहा."