मढ्याचं काम

डेल्बर्टला यंदा मढ्याचं काम मिळालं, आणि ते त्याला त्याच्या सख्ख्या बायकोनं दिलं.

"नुसतं पडून राहायचं?" सकाळी खुर्चीत बसून तो कुरकुरला. "तीस वर्षं या पथकात राबतोय, मार्लिस. दोन वाक्यं तरी दे."

"गेल्या वर्षी दिली होती की. मोडक्या पायाचं काम होतं, आणि तू चर्चच्या पास्टरबाईंच्या गळ्यात पडून असा हंबरलास की पलीकडच्या गोठ्यातल्या गाईंनी ओ दिली. यंदा तू मेलेला. तोंड मिट, ओठ रंगवायचेत."

हार्लो क्रीक गावच्या मदत पथकात पगारी माणूस एकही नाही. टोर्नेडो आला, नदी फुगली, कुणाचं कोठार पेटलं, की पोस्टातली, शाळेतली, शेतावरची माणसं हातातलं काम टाकून धावतात. दर एप्रिलला, वादळांचा मोसम लागण्याआधी, शाळेच्या मैदानावर सराव होतो. वीसेक माणसं जखमी होऊन पडतात आणि बाकीची त्यांना वाचवतात. जखमा करणं हे मार्लिसचं खातं. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई, पण मक्याच्या पाकात लाल रंग कालवून असं रक्त करते की बघणाऱ्याला भोवळ यावी. जखमींच्या कपाळावर ती ग्लिसरीनचे थेंब सोडते, तो त्यांचा घाम. मेलेल्याला फक्त राखाडी पावडर आणि निळे ओठ. मेलेल्याला घाम कशाला लागतो?

शेवटी तिनं डेल्बर्टच्या छातीवर कार्ड टाचलं: श्वास नाही, नाडी नाही. सरावात माणसाकडे नाही, कार्डाकडे बघायचं. श्वास नसला तर मनगटाला काळी पट्टी बांधायची आणि जो वाचू शकेल त्याच्याकडे धावायचं. हे फार जिवावर येतं, म्हणूनच त्याचा सराव करावा लागतो.

दहाला भोंगा झाला. पोस्टातल्या जोलीननं डेल्बर्टचं कार्ड वाचलं, काळी पट्टी बांधली आणि ती पुढे पळाली. मैदानभर विव्हळणं सुरू झालं. मार्लिस बाटली घेऊन रक्त ताजं करत हिंडत होती. डेल्बर्ट पडला होता त्या उलथलेल्या बाकांपाशी ती आली तेव्हा मढ्यानं मान उचलली.

"मार्लिस, ऐक ना. मला जरा..."

"तू मेलायस, डेल्बर्ट."

"अगं, पण..."

"मेलेली माणसं बोलत नाहीत! एवढ्या लोकांची मेहनत वाया घालवू नकोस. गप पड."

तो गप पडला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचं इतक्या लगेच कधी ऐकलं नव्हतं. मार्लिसला त्याचं कौतुकच वाटलं.

पाऊण तास गेला. शेवटचे दोन-तीन जखमी स्ट्रेचरवर चढत होते आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून चिलीच्या तिखट रश्श्याचा न् दालचिनीच्या रोलचा वास सुटला होता. डेल्बर्टला ताटलीतला मधला, मऊ रोल लागतो. तो कुणी उचलायच्या आत याला उठवावं म्हणून मार्लिस बाकांकडे निघाली. पथकाचा प्रमुख रॉइस वाटेत भेटला, हातात सरावाचे कागद.

"मार्लिस, तुझ्या नवऱ्यानं कमाल केली! दोनदा शेजारून गेलो, पापणीसुद्धा हलली नाही."

"जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखा वागतोय," ती म्हणाली आणि खाली वाकली.

डेल्बर्टच्या कपाळावर घाम होता. राखाडी पावडरीतून ओघळ निघून कानापर्यंत गेले होते.

मार्लिस बघतच राहिली. पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच चुकून याला ग्लिसरीन लावलं. मग आठवलं, याच्यासाठी ती बाटली उघडलीच नव्हती. तिनं एप्रनच्या टोकानं त्याचा गाल खसाखसा पुसला. पावडर निघाली. खालचा गालही राखाडीच होता.

तिनं त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास लागत नव्हता. ती ओरडली.

"हे खरं आहे! हे खरं आहे! हे खरं आहे!"

सरावात कुणाला खरंच काही झालं तर असं तीनदा म्हणायचं, हा ठरलेला इशारा. सकाळीच रॉइसनं तो सगळ्यांकडून घोकून घेतला होता. आणि आता तोच रॉइस कागद उलटेपालटे करू लागला, हे आपण कुठे लिहिलं होतं म्हणून.

"कागद काय बघतोस, गाढवा! त्याचा श्वास बंद आहे!"

मग सगळे धावले. जोलीननं हृदयाला झटका द्यायची पेटी आणली. मार्लिसनं डेल्बर्टचा शर्ट फाडला, छातीवरचा घाम पुसला, पॅड चिकटवले, बटण दाबलं. पेटी गोड आवाजात म्हणाली, "हा सराव आहे."

घाईत जोलीननं सरावाची खोटी पेटी आणली होती. खरी पेटी ट्रकमध्ये होती. साठीचा, ढेरपोट्या रॉइस कागद फेकून शाळकरी पोरासारखा सुटला. तोवर मार्लिस छाती दाबत राहिली, मोठ्यानं आकडे मोजत. मध्येच आकडे सुटत आणि ती "बोल ना, बोल ना रे" म्हणू लागे. आजूबाजूला लाल पाकात माखलेले जखमी उभे होते, हातातल्या रोलसकट, आणि कुणालाच तो खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

खरा झटका बसला तेव्हा डेल्बर्टचं सगळं अंग उडालं. दुसऱ्या झटक्याला नाडी लागली.

संध्याकाळी काउंटीच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मार्लिसला खुर्ची दिली.

"वाचतील ते. पण छातीत कळ बरीच आधी आली असणार. कुणाला काही बोलले नाहीत?"

"बोलला," मार्लिस म्हणाली. "मला बोलला."

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. मार्लिस पलंगाशी बसली. डेल्बर्टच्या ओठांना निळा रंग अजून चिकटलेला होता, आणि मनगटावरची काळी पट्टी गडबडीत कुणी काढलीच नव्हती. ती नखांनी निघेना. मार्लिस वाकून ती दातांनी तोडू लागली, तेव्हा त्यानं डोळे उघडले.

त्यानं तिच्याकडे बघितलं, खोलीभर नजर फिरवली, आणि अगदी हळू आवाजात, परवानगी मागावी तसं विचारलं, "आता बोलू का?"