डावीकडचे खण

ते भाड्याचं घर सोडून बरीच वर्षं झाली, पण तिथल्या स्वयंपाकघरातला ताज्या लाकडाचा वास अजून नाकात आहे. तिथले लाकडी खण म्हणजे लग्नानंतर नवऱ्याने स्वतः बनवून मला दिलेली पहिली भेट. सुतार माणूस, त्याला दागिना कुठला सुचायला! रोज कामावरून आला की रंधा घेऊन बसायचा. खण असे अलगद सरकायचे, की मी उगाचच त्यांची उघडझाप करायचे.

अडचण एकच, सुऱ्या, चमचे, तिखटमीठ, सगळ्यांचे खण शेगडीच्या डावीकडे. माझा उजवा हात शेगडीवरून आडवा जायचा आणि मनगट पोळायचं. नव्या नवरीने कुरकुर कशी करावी? शेवटी मीच डाव्या हाताने चमचा उचलायला शिकले.

एकदा नणंद राहायला आली. मला ढवळताना बघून पटकन म्हणाली, "अय्या वहिनी, तूपण डावखुरी?"

"तूपण म्हणजे? आणखी कोण?"

तिने जीभ चावली. मला कळायचं ते कळलं. लग्नाआधी नवऱ्याचं एकीशी जमलं होतं, हे मला माहीत होतं. ती डावखुरी होती, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी त्याला विचारलं. तो खणावरून बोटं फिरवत राहिला.

"मुद्दाम नाही गं केलं. आम्ही एकत्र रांधायचो. ती डावीकडे, मी उजवीकडे. कोपराला कोपर कधी लागलं नाही. हाताला तेच वळण राहिलं." मग हळूच म्हणाला, "आठवते ती अजून. खोटं कशाला बोलू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याने खणांबरोबर मलाही तिच्या मापाने तासून घेतलं होतं! "मला इथे माझं घर हवंय," मी म्हटलं, "नाहीतर मी चालले माहेरी."

पुढच्या सुट्टीला त्याने सगळं उतरवलं आणि उजवीकडे ठोकलं. दुसऱ्या दिवशी माझा डावा हात सवयीने भिंतीकडे गेला. तिथे नुसती स्क्रूची भोकं. मला रडूच फुटलं. कुणासाठी, तेही कळेना.

तो धावत आला. सुरी घेऊन कांदा चिरायला सवयीने माझ्या उजवीकडे उभा राहिला. मी उजव्या हाताने ढवळू लागले, तर कोपर त्याला लागलं. तो चटकन बाजूला सरकला.

"सरकू नकोस," मी म्हटलं. "लागू दे."