न धरलेला खांब

चांदूर बाजारात सागवान पाहायला निघालेला देवमन मिस्तरी अर्ध्या वाटेतच थांबला. एक खांब कमी पडत होता.

परवाच मोतीरामच्या मोकळ्या जागेत त्यानं काडीनं मातीवर कारखाना आखला होता. बंड्या म्हणजे बैलगाड्या दुरुस्त करायला चार खण, पलीकडे गिऱ्हाइकांच्या बैलांसाठी कोठा. लाकूड, छपराच्या टिना, मजुरी सगळं तोंडी जुळवून त्यानं खर्च सांगितला. मोतीराम अकोटच्या कापसाच्या जिनात मशिनी दुरुस्त करून गावी परतलेला, सावध माणूस. नंतर वाढणार तर नाही ना, असं त्यानं दोनदा विचारलं. तेव्हा चार माणसांदेखत देवमन म्हणाला होता, "देवमनचा अंदाज वाढत नाही." त्या शब्दावर मोतीरामनं उरलेल्या पैशांतून भाता आणि ऐरण घेऊनही टाकली.

आणि आता हे. मुहूर्ताची मेढ, म्हणजे पहिला खांब, घरधन्याची असते. घरधनीण ती माहेराहून आणवते, हळदकुंकू लावते, मग मिस्तरी कामाला हात घालतो. म्हणून देवमननं काय, त्याच्या बापानंही पहिला खांब कधी खर्चात धरला नव्हता. बायांची ओवी डोक्यातून जाता जाईना:

पहिली माझी मेढ, आली माहेराहून
मायबापाची सावली, गेली उभी राहून

मोतीरामचं घर बौद्ध. दीक्षेला तिसरं वर्ष. तिथं मेढ आणणार कोण, अन् पूजणार कोण?

पदरचा खांब घालावा तर मजुरीच उरत नव्हती. बाकीचे खांब जरा बारीक घेतले तर निभेल, असं मन हळूच म्हणालं. पण वावटळीत टिना कशा उडतात ते त्यानं पाहिलं होतं. चार पावलं बाजाराकडे, चार गावाकडे, असं करता करता ऊन डोक्यावर आलं. शेवटी तो गावाकडे वळला.

मोतीराम भाता लावून पाहत होता. त्याची बायको शालू अंगण सारवत होती. देवमननं उभ्यानंच सगळं सांगितलं. मोतीरामचा हात थांबला.

"म्हंजे मुहूर्त करा म्हनून राह्यले का, मिस्तरी?"

"नाही भाऊ. माही चूक सांगून राह्यलो. तुमच्यासाठी पयला खांब धराले पायजे होता, मी धरला नाही."

"अन् अंदाज वाढत नाही म्हने."

 देवमननं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. शब्द तर गेला होताच, आता कामही जाणार असं त्याला वाटलं.

शालूनं शेणाचे हात धुतले. तिच्या बापाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एक जुनी बाभूळ पाडून ठेवली होती, ती घेऊन येते म्हणाली.

मोतीराम हसला, पण कडवट. "माहेराहून खांब? मंग झालंच की थे."

"काहून? लाकूड लागते म्हनून आनतो. कोनी कुकू लावलं तं बंडीत घालून वापस नेईन." ती देवमनकडे वळली. "चालन का बाभूळ?"

बाभूळ चालेल, पण आढ्याचा भार त्याच खांबावर येतो, जाडी पाहावी लागेल, असं देवमन सांगू लागला.  ते ऐकून मोतीरामनं भात्याची दोरी सोडली, पायताण घातलं.

"चाला मंग, पाहून घेऊ. पन वाकडी निंगाली तं?"

"तं घेनार नाही," देवमन म्हणाला. "तुमच्या सासऱ्याची असली तरी."