सतत पडणाऱ्या बटणाची कैफियत

मित्रांनो, या घरातल्या माणसांचे प्राण माझ्या मुठीत आहेत. राहतो मात्र मी चपलांच्या रॅकच्या वर भिंतीवर, मोज्यांच्या वासात.

मी एक जुना ईएलसीबी आहे. घरात गेलेली वीज तेवढीच परत येते का, हे मी पाहतो. थोडी जरी वाटेत गळाली, तर ती कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली आहे असं धरून मी पापणी लवायच्या आत पडतो, म्हणजे माझा दांडा खाली येतो आणि लाइट जातात. शेजारचा एमसीबी तारा तापल्या की पडतो. त्याला तारांची काळजी, मला माणसांची. निवड कुणाची चुकली, हे तुम्हीच ठरवा.

कारखान्यात मला तपासून शाबासकी मिळाली होती. इथे आलो तेव्हा काकांनी मला पाहुण्यांना दाखवलंसुद्धा.

मग वॉशिंग मशीन आलं. प्लगची तिसरी, जाड पिन भोकात जाईना, म्हणून काकांनी ती पकडीने तोडली. गळालेली वीज सुखरूप जमिनीत नेणारी अर्थिंगची पिन! वाढलेलं नख कापावं तशी! मला शिसारी आली.

पुढे उंदराने मशीनमधली वायर कुरतडली. काकूंनी ओल्या हाताने झाकण उचललं की मी पडू लागलो.

"तुझ्याच हाताला काहीतरी आहे," काका म्हणाले. "मी हात लावला की जातात का लाइट?"

"तुम्ही लावता कधी हात?"

काका काही शहाणे झाले नाहीत. त्यांनी माझा दांडा वर करून चिकटपट्टीने बांधून टाकला. दांडा बांधला तरी मी आतून सुटतो, हे त्यांना कुठलं ठाऊक! दुसऱ्याच दिवशी काकूंना मशीनचा झटका बसला, हातातली बादली उडाली आणि मी आतल्या आत सुटलो. काकू वाचल्या.

वायरमन आला.

"हे खराब झालंय," काका म्हणाले. "काढून टाका, डायरेक्ट जोडा."

वायरमनने पट्टी सोलली, लाइट चालू केले आणि टेस्टर मशीनच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला, म्हणजे पत्र्यात वीज उतरली होती.

"काका, हे पडलं नसतं, तर आज मला नाही, डॉक्टरांना बोलावलं असतंत."

काका माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता आभार मानणार.

"मग आधी सांगायचं ना!" ते म्हणाले. मलाच! आठवडाभर मी दुसरं काय करत होतो?

वायर बदलली, प्लग बदलला, मी राहिलो. मित्रांनो, मला हारतुरे नकोत. महिन्यातून एकदा माझं 'टेस्ट'चं छोटं बटण दाबायला घरातल्या मोठ्यांना सांगा. मी पडलो, तर मी जिवंत आहे. फक्त नाकातून नुकतंच काढलेलं बोट आधी पुसा म्हणावं.