तिसऱ्या टेबलाची बादली

मुलांना भाजी आवडत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी कधी हुज्जत घालत नाही. त्यांना सरळ आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात बोलावते आणि उष्ट्याच्या बादल्या दाखवते. म्हणजे दाखवत असे. आमच्याकडे पद्धतच तशी आहे. जेवणघरातल्या प्रत्येक टेबलाची आपली एक बादली असते. जेवण झालं की मुलं ताटातलं उरलेलं तिच्यात टाकतात आणि बादली धुण्याच्या खिडकीतून आत सरकवतात. भाजी चांगली झाली की नाही, हे मी जिभेवर ठरवत नाही, बादलीवर ठरवते. जेवणघरात मी पाऊल टाकत नाही. वाढणारे वेगळे आहेत, आणि मला तेवढ्या वेळात शेगड्या आवरायच्या असतात.

तिसऱ्या टेबलाची बादली मात्र वर्षभर माझ्या डोक्यात जात होती. घेवडा, कोबी, भोपळा, जे पाठवावं ते जसंच्या तसं परत. माझी मुलगी त्याच टेबलावर बसते, त्यामुळे राग दुप्पट. शेवटी पालक समितीने विषय काढला. समितीचे अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांचं चपलांचं दुकान आहे आणि ते प्रत्येक गोष्टीला माप लावतात. मुख्याध्यापिका बाईंसमोर त्यांनी मला सांगितलं, "हे टेबल सुधारलं तर स्वयंपाकघर चालू ठेवू. नाही सुधारलं तर पुढच्या सत्रापासून बाहेरून बंद डबे मागवू. सकस जेवणाच्या दिवशी सगळ्यांसमोर बादली बघायची आणि ठरवून टाकायचं."

घरी येऊन मी नवऱ्यापुढे सगळी आग ओकली. "डबे आले की मी घरी आणि भांडी घासणाऱ्या मावशीही घरी. मला कुठेतरी मिळेल काम. मावशींना या वयात कोण दारात उभं करणार आहे?" बारकी भिंतीला टेकून गृहपाठ करत होती. बारकी म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती, तेव्हापासून हेच नाव. तिने वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

मग मी कंबर कसली. घेवडा बारीक चिरला, कोबी लसणावर परतला, भोपळा भाजून दिला. आणि काय सांगू, बादली हलकी व्हायला लागली. आधी अर्धी आली, मग तळाशी थोडंसं, आणि नंतर तर कोरडी ठणठणीत. मावशी बादली उलटी करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "बाई गं, जादू केलीस की काय?" मी म्हणायचे, "जादू नाही मावशी, सुरी." मी हवेतच होते. घरी मात्र बारकीने नवीनच खूळ काढलं होतं. रात्री जेवायचं नाव नाही, पोट धरून आडवी व्हायची. मी म्हणायचे, नखरे बघा पोरीचे. शाळेत आईच्या हातचं चालतं, घरी चालत नाही.

सकस जेवणाच्या दिवशी जेवणघर ओळखू येत नव्हतं. भिंतींवर मुलांनी गाजरं काढून लावली होती, काही गाजरांना मिशा होत्या. आईवडील आणि आजीआजोबा मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. बाईंनी मला आग्रहाने बाहेर काढलं. म्हणाल्या, "आज खिडकीमागे राहायचं नाही. लेकीशेजारी बसून जेवा." मी अ‍ॅप्रन काढला, केस सारखे केले आणि तिसऱ्या टेबलावर जाऊन बसले. माझी ऐट काय विचारता! समोर अध्यक्ष, त्यांची बायको आणि मधे त्यांचा मुलगा होता.

वाढून झालं. सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली आणि माझा पहिला घास हातातच राहिला.

अध्यक्षांच्या मुलाने ताटातला घेवडा चमच्याने कडेला गोळा केला आणि शेजारच्या मुलीच्या ताटात लोटला. तिने त्यात आपला मिसळला आणि पुढच्या मुलाला दिला. त्याने भोपळ्याची भर घातली. कुणी हसलं नाही, कुणी मोठ्यांकडे चोरून बघितलंही नाही. जेवणाआधी हात धुवावेत तितक्या सहज चाललं होतं. दोन्ही बाजूंनी सरकत सरकत सगळं बारकीच्या ताटात येऊन थांबलं. तिथे चांगला ढीग झाला. बारकीने एक मोठा श्वास घेतला, मान खाली घातली आणि खायला लागली. धड चावतही नव्हती. एक घास, एक घोट पाणी, पुन्हा घास.

"अरे, हे काय चाललंय?" अध्यक्षांच्या बायकोने मुलाला विचारलं.

"आमच्या टेबलाची भाजी हीच खाते," तो म्हणाला. "रोज."

मी बारकीचं मनगट धरलं. "थांब. आधी थांब."

"सोड ना आई," ती भरल्या तोंडाने हळूच म्हणाली. "आज बादली बघणार आहेत."

"तुला कुणी खायला लावलं? या मुलांनी?"

"नाही. मीच म्हटलं, टाकू नका, मला द्या." तिने कसाबसा घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं, घास अडकल्याचं होतं. "बादली भरली तर तुला आणि मावशींना घरी बसवतील. तूच बाबांना सांगत होतीस."

ज्या कोरड्या बादलीकडे बघून मी इतके दिवस मिरवत होते, ती बादली माझ्या लेकीच्या पोटात रिकामी होत होती. आणि तेच पोट धरून ती रात्री पडायची तेव्हा मी तिला नखरेल म्हणत होते. मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

तेवढ्यात बाईंनी पुढून आवाज दिला, "आता तिसऱ्या टेबलाची बादली आणा बघू."

अध्यक्षांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. ते पुढे झुकून म्हणाले, "ताई, आजचा दिवस निभावून जाऊ दे. मी कुणाला काही बोलणार नाही. पोरीशी घरी बोला." अगदी मनापासून म्हणाले. धुण्याच्या खिडकीतून मावशी माझ्याकडे बघून तोंडभर हसत होत्या, ओला हात हलवत होत्या. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. ताटातलं चार जणांत वाटून घेतलं असतं तर काम भागलं असतं.

बारकीने पुन्हा चमचा उचलला.

मी तिच्या हातातून चमचा काढून घेतला. ताट उचललं, टेबलाखालची बादली ओढली आणि सगळ्यांदेखत ते तिच्यात उपडं केलं. बादली घेऊन मी बाईंसमोर गेले. "ही घ्या," मी म्हणाले. "तिसऱ्या टेबलाला माझी भाजी आवडत नाही. कधीच आवडली नव्हती." बाई एकदा बादलीकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. खिडकीतल्या मावशींचा हात तसाच वर राहिला होता.

मागून धावत येऊन बारकीने माझ्या कमरेला मिठी मारली. इतके दिवस एका शब्दाने न बोललेली पोर ओक्साबोक्शी रडायला लागली.

"कशाला ओतलंस?" ती म्हणाली. "मी संपवलं असतं. मी रोज संपवते. थोडंच राहिलं होतं, आई."