दोन आसने आणि एक बर्फाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोनच आसनांची शर्यतीची मोटार आहे. भिवंडीत चांगदेव मिस्त्रींच्या गॅरेजमागे, लिंबाच्या सावलीत मी उभी असते. नऊ रसांमध्ये बीभत्स हाही एक रस मानला आहे आणि किळस हा त्याचा स्थायीभाव सांगितला आहे. इतरांच्या आयुष्यात शृंगार असेल, वीर असेल. माझ्या आयुष्यात किळसच अधिक वाहिली. तीच कथा मी आज सांगणार आहे.

माझा जन्म १९६२ साली विलायतेतील एका लहानशा कारखान्यात झाला. माझी कातडी आसने कारागिरांनी हाताने शिवली. माझे शरीर इतके बुटके ठेवले, की पोट आणि रस्ता यांच्यात चार बोटांचेच अंतर राहिले. जहाजातून मी मुंबईस आले आणि एका वृद्ध बॅरिस्टरांच्या घरी राहू लागले. ते मला केवळ रविवारी सकाळी बाहेर काढीत. बसण्यापूर्वी जोडे झटकीत. त्यांचा नोकर हरणाच्या मऊ कातड्याने मला रोज पुसत असे. धुळीचा कण म्हणजे महापातक, हा संस्कार माझ्यावर तिथे झाला. शुचितेचा तो धडा अर्धाच होता, हे समजायला मला पंचवीस वर्षे लागली.

बॅरिस्टर निवर्तल्यावर, १९८३ साली, वळ गावच्या केसरीनाथ शेटांनी मला विकत घेतले. धाकट्या भावाच्या लग्नात नवरदेवाला मिरवण्यासाठी त्यांना लाल गाडी हवी होती. मी अंगणात शिरले तेव्हा त्यांच्या आई जानकीबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. त्यांनी मला डोक्यापासून चाकापर्यंत पाहिले.

"आरं केसरी, हिच्यान बसाचा का निजाचा?" त्या म्हणाल्या. "आन दोनच मानसा? मंग वऱ्हाड काय टपावर बसवशील? टप पन न्हाय हिला."

सारे अंगण हसले. मला ते हसणे झोंबले. त्याहून झोंबले ते पुढचे. त्याच लग्नात एका पाहुण्याने माझ्या दारातील खणाला पिकदाणी समजून त्यात पानाची पिंक टाकली. वरात संपली आणि माझे कौतुकही संपले. मग मला रोजच्या कामाला जुंपले. चालकाशेजारच्या आसनावर ओल्या बोंबलांच्या टोपल्या बसू लागल्या. मागच्या सामानाच्या कप्प्यात पेंड आणि खत एकत्र प्रवास करू लागले. बोंबलांचे खारे पाणी शिवणीतून आत झिरपले. उन्हात त्याचा जो दर्प उठे, त्याचे वर्णन करताना आजही माझी वाचा अडखळते. शेवटी मी बंद पडले. मला गोठ्याच्या कोपऱ्यात ढकलण्यात आले. कोंबड्यांनी आसनावर अंडी घातली. उंदरांनी मागच्या कप्प्याखालचा, धुराच्या नळीची उष्णता अडवणारा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर कुरतडून त्याची घरटी केली. शेणाचा ओघळ माझ्या चाकांखालून वाहत असे. मी सर्वांची किळस करी: कोंबडीची, उंदराची, टोपलीची आणि टोपली उचलणाऱ्या हातांचीही.

१९८६ साली केसरीनाथांचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्यास चांगदेव मिस्त्री आले.

"मिस्त्री, जाताना ही बला पन ने," शेट म्हणाले. "भंगाराचे भावान ने, पन ने. पेंढ्याची जागा अरवून बसलीय."

चांगदेवांनी मला भंगारात मोडले नाही. त्यांची पत्नी कलावती सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका होती. गावोगावी जाऊन ती बालकांना लस टोचत असे. एसटीची वाट पाहण्यात तिचा अर्धा दिवस जाई. चांगदेवांनी मला तिच्यासाठी आणले. घरी आल्यावर कलावतीने पदर खोचला, गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि माझ्या आत कोपरापर्यंत हात घातले. ज्या घाणीकडे मला स्वतःला पाहवत नव्हते, ती तिने तीन दिवस नखांनी खरवडून काढली. तिने नाक मुरडले नाही. मी मात्र मुरडले. तिच्या हातांना स्पिरिटचा वास येत होता आणि बॅरिस्टरांच्या घरचे अत्तर मला आठवत होते. कृतघ्नपणाचा हा कबुलीजबाब मी लपवणार नाही.

चांगदेवांनी मला रोजच्या कामाची केले. फाटलेल्या घडीच्या कापडी छताच्या जागी शेजारच्या कारखान्यातील मागाचे कोरे कापड मेण चोळून बसवले. तळाला भोके पाडली, म्हणजे आत आलेले पाणी आपोआप खाली जावे. यंत्रमागांतून उडणारी कापसाची तुसे माझ्या रेडिएटरच्या जाळीत रोज अडकत. ती ते रोज हवा मारून काढीत. समोरच्या लूमवर ड्युटी करणारे कामगार चहाला आले की थट्टा करीत.

"मिस्तरी, ये खिलौना चाबी से चलता है क्या?"

"चाबी से नहीं, धक्के से," चांगदेव म्हणत. "तू आ, तेरे दो दोस्त लेके आ."

त्यांचे म्हणणे खरे होते. माझा स्टार्टर अशक्त होता. एकदा बंद पडले की धक्का दिल्याशिवाय मी सुरू होत नसे. आणखी एक दोष होता. कप्प्याखालून जाणाऱ्या धुराच्या नळीला बोटभर भेग पडली होती आणि वरचा थर उंदरांनी खाल्ला होता. चांगदेवांनी तिथे पत्र्याचा तुकडा टेकवला आणि म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात." गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी होत. तो पुढचा आठवडा वर्षभर आला नाही.

मित्रांनो, गोवराची लस फार नाजूक असते. ती सतत थंड ठेवावी लागते. तापली तर तिचा गुण जातो, पण रंगरूप तसेच राहते. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून कलावती ती बर्फ भरलेल्या पेटीतून नेत असे. त्या पेटीचे झाकण तडकलेले होते. नवीन मागितले होते, पण आले नव्हते. पेटी माझ्या मागच्या कप्प्यात ठेवीत.

१९८७ च्या वैशाखात वळ गावच्या शाळेच्या ओसरीवर अडतीस आया आपापली बाळे घेऊन बसणार होत्या. पलीकडच्या पाड्यावर गोवर शिरला होता. त्या दिवशी नाक्यावर सुताच्या ट्रकांची कोंडी झाली. तीन तास आम्ही जागचे हललो नाही. मला बंद केले तर सुरू कोण करणार, म्हणून चांगदेवांनी माझे इंजिन चालू ठेवले. त्या तीन तासांत भेगेतून निघालेली आग पेटीच्या बुडाला लागत होती. मला ते जाणवत होते. माझ्या मनात मात्र एवढाच विचार होता, की शेजारच्या ट्रकमधून गळणारे तेल माझ्या रंगावर न उडो.

वळला कलावतीने पेटी उघडली. बर्फाचे कोमट पाणी झाले होते.

चांगदेव हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, दिसायला तर तशीच हाय. एवढी माणसं खोळंबलीत."

"आणि उद्या पोराला गोवर आला तर त्याच्या आईला काय सांगू? दिसायला तशीच होती म्हणून?" तिने पेटी मिटली आणि ओसरीकडे वळून मोठ्याने सांगितले, "आजची लस तापली. आज कुणालाच टोचणार नाही. मंगळवारी परत येते. चूक आमची आहे."

जानकीबाई पुढे बसल्या होत्या. सून बकुळा नऊ महिन्यांचा नातू घेऊन त्यांच्यामागे होती.

"बरफ बंबान घालून आनतं का कुनी?" जानकीबाई म्हणाल्या. आया हसल्या. जानकीबाई मात्र हसल्या नाहीत. "आमी कामा सोरून बसलू. मंगलवारी वलचा एक पोर येवाचा न्हाय. तुजे हातचा शिजलेला औषद आमाला नको."

ऊन कडक होते. कलावतीने पाणी मागितले. जानकीबाईंनी पेला दिला नाही. तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतले आणि शिंतोडा उडू नये म्हणून पाऊल मागे घेतले. तेव्हा त्यांच्या नाकाशी एक सुरकुती पडली. मित्रांनो, ती सुरकुती मी ओळखली. बोंबलांच्या टोपलीकडे पाहताना माझ्या मनाला तीच पडत असे. ज्या बाईने कोपरापर्यंत हात घालून माझा मळ काढला, तिच्याच हातांना या अंगणात मळ मानले जात होते आणि मीही वर्षभर दुसरे काय मानले होते? त्या दिवशी मला प्रथमच स्वतःची किळस आली. बोंबलाचा वास सोड्याने जातो. हा वास कशाने जाणार, हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी चांगदेवांनी गॅरेज बंद ठेवले. लूमवाले थट्टेला आले ते मदतीला राहिले. नळी उतरवून भेग सांधली, कप्प्याखाली नवा जाड थर बसवला, स्टार्टर उघडून दुरुस्त केला. सारे मिळून एका दिवसाचे काम होते. एक दिवस.

मंगळवारी कलावतीने पेटी कप्प्यात ठेवली नाही. ओले गोणपाट गुंडाळून ती मांडीवर घेतली आणि वळपर्यंत तशीच बसून आली. चांगदेव प्रत्येक खड्ड्याला मला बैलासारखे जपून उतरवीत होते. मीही माझ्या जन्मात प्रथमच रंगाचा विचार केला नाही.

ओसरी रिकामी होती.

कलावती सरळ जानकीबाईंच्या घराकडे गेली. ती पायरी चढली नाही. पेटी पायरीवर ठेवून तिने झाकण उघडले.

"मावशी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही स्वतः हात घालून बघा."

जानकीबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तो हात त्या पेटीत घालणे म्हणजे काय, हे तिथे सर्वांना समजत होते. मग आतून बकुळा म्हणाली, "आये, पाड्यावरची दोन पोरा तापान फनफनलीत. काल तिसरा आजारी परला. तुमाला नसल घालाचा तर मी घालतू हात."

"तू गप ऱ्हा. पोर हाय तुजे कडेवर."

जानकीबाई खाली बसल्या. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात मनगटापर्यंत बर्फात घातला. लगेच काढला नाही. बोटे बधिर होईतो ठेवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "बकुले, पोराला आन. आन तो केसरी कुठं हाय? त्याला सांग, घराघरान जा. सांग, आयेन हात घालून बघतलाय."

त्या दिवशी अडतीसांपैकी एकतीस बाळांना लस मिळाली. पाणी मात्र त्या दिवशीही वरूनच मिळाले. मी खोटे सांगणार नाही. पण पुढच्या प्रत्येक महिन्यात मी वळला पोहोचले की जानकीबाई आधीच ओसरीवर बसलेल्या असत. "थांब, आधी मना बघू दे," म्हणत त्या पेटीत हात घालीत आणि मगच आयांना पुढे बोलावीत. अशाच एका खेपेस त्यांनी त्याच ओल्या हाताने कलावतीपुढे पेला धरला. कोणत्या महिन्यात, ते मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावे. कोणी त्याची चर्चा केली नाही.

पुढे गॅरेज बंद ठेवावे लागू नये म्हणून कलावती स्वतः मला चालवण्यास शिकली. चालकाच्या आसनावर ती आणि दुसऱ्या आसनावर जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलेली पेटी. दोनच आसने असलेली गाडी काय कामाची, असे मला अनेकांनी विचारले होते. कोन आणि वळ ही गावे आणि खाडीकाठचे पाडे आम्ही नऊ वर्षे असेच केले. चिखल, घाम, लहानग्यांची ओली दुपटी, रक्ताचे कापूस, सारे माझ्यावर पडले. १९९६ साली आरोग्य केंद्रास नवी गाडी मिळाली आणि मी लिंबाखाली उभी राहिले.

पण ज्या सात घरांनी दार उघडले नाही, त्यांचे काय? त्यांपैकी सहा बाळे पुढे कलावतीने एकेका दारी जाऊन गाठली. सातव्या घरी गोवर तिच्या आधी पोहोचला. मंदा नावाच्या दहा महिन्यांच्या मुलीचा उजवा डोळा गेला. कलावती तिच्या उशाशी बारा दिवस जात होती. पहिल्याच दिवशी पेटी थंड पोहोचली असती, तर तिला तेव्हाच लस मिळाली असती. ती ओसरीवरच होती. आईच्या मांडीवर, तिसऱ्या ओळीत. मी तिला पाहिले होते.

गेल्या उन्हाळ्यात मंदा वडिलांबरोबर गॅरेजमध्ये आली. आता ती अकरा वर्षांची आहे. ती आंबा खात होती. रस कोपरापर्यंत ओघळला होता. एका डोळ्याने नीट पाहता यावे म्हणून मान थोडी तिरकी करून ती माझ्याभोवती फिरली आणि दोन्ही चिकट हात तिने माझ्यावर ठेवले.

चांगदेव फडके घेऊन उठले. कलावती म्हणाली, "राहू द्या तिला."

मित्रांनो, तुमच्या घरी यंत्र असेल, सायकल असेल, आजोबांचे घड्याळ असेल. त्यात बोटभर भेग दिसली तर ती आजच सांधा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आणि कोणाच्या हातांची किळस वाटली, तर त्या हातांनी काय काय धुतले आहे ते आधी विचारा. माझ्यावर त्या आंब्याच्या बोटांचे ठसे अजून आहेत. त्यांच्यावर माश्या बसतात, मुंग्या येतात, धूळ चिकटते. मला कोणी पुसायला आले, तर तेवढी जागा सोडून पुसा.